मुलांना कंटाळू द्या!

(नालवाडी, जि. वर्धा येथे पालक व कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



उन्हाळ्याची सुटी लागली की घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. सकाळचा नाश्ता आटोपलेला असतो, बाहेर ऊन तापू लागलेले असते आणि आठ-नऊ वर्षांचे मूल दारात उभे राहून म्हणते, ‘‘आई, कंटाळा आला. काय करू?’’ हे ऐकताच घरातील मोठी माणसे अस्वस्थ होतात. आई एखादे काम सुचवते, आजोबा पाढे म्हणावयास सांगतात आणि शेवटी बाबा खिशातील मोबाईल काढून देतात. घर शांत होते. प्रश्न सुटला असे सर्वांना वाटते. परंतु त्या क्षणी खरोखर प्रश्न सुटतो, की उगवू पाहणारी एखादी गोष्ट कोंब फुटण्यापूर्वीच खुडली जाते, याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. आळस आणि कंटाळा हे दोन शब्द आपण जोडीने उच्चारतो आणि त्यामुळे कंटाळलेले मूल आपल्याला आळशी वाटू लागते. वस्तुतः या दोन अवस्था परस्परविरुद्ध आहेत. आळशी माणसाला काही करावयाचे नसते आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नसते. तो स्वस्थ असतो. कंटाळलेल्या मुलाला काहीतरी करावयाचे असते, परंतु काय करावे हे त्याला सापडलेले नसते. म्हणून ते अस्वस्थ असते. ही अस्वस्थता भुकेसारखी आहे. भूक लागली की शरीर अन्न शोधते, तसे कंटाळा आला की मन उद्योग शोधते. मूल भुकेले होण्यापूर्वीच तासातासाला त्याच्या तोंडात काही ना काही कोंबत राहिले, तर जेवणाच्या वेळी ते ताटाकडे पाहतही नाही, हे येथील कोणतीही भगिनी सांगेल. मनाच्या भुकेबाबत मात्र आपण नेमके हेच करीत असतो.

‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. तिच्याकडे जरा सहानुभूतीने पाहा. गिऱ्हाईक नाही म्हणून तो कसबी माणूस झोपी गेला नाही. त्याने आपली हत्यारे काढली आणि समोरच्या भिंतीवर प्रयोग आरंभला. मोठ्या माणसाने असे केले तर लोक हसतात. मुलाने केले तर त्याला खेळ म्हणतात, आणि बालवयात खेळ हीच प्रयोगशाळा असते.

हा विषय नालवाडीत मांडताना एका नावाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. आज नालवाडी ही वर्धा शहराला लागून असलेली, घरांनी गजबजलेली वस्ती आहे. १९३२ च्या अखेरीस आचार्य विनोबा भावे येथे राहावयास आले, तेव्हा हे शहराबाहेरचे लहानसे खेडे होते. १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत त्यांचे वास्तव्य येथे होते. सूतकताईच्या मजुरीवर माणसाचे पोट भरते काय, हे स्वतःच्या देहावर पडताळून पाहण्यासाठी ते येथे दररोज तासन्‌तास कातत असत. त्या खडतर प्रयोगात त्यांची प्रकृती खालावली, हेही नमूद केले पाहिजे. आजच्या मुलाच्या हाती टकळी दिली आणि तासभर फिरवावयास सांगितले, तर ‘किती बोअर!’ हाच त्याचा पहिला उद्गार असेल. ते खोटेही नाही. टकळीचे काम एकसुरी आहे. परंतु त्या एकसुरीपणाचा एक गुण असा की, हाताला सवय झाली की मन मोकळे होते. विनोबांचे चिंतन आणि अध्यापन कातण्याच्या जोडीनेच चालत असे.

विनोबा नालवाडीत असतानाच ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, विनोबा तिचे सदस्य होते, आणि त्यातून ‘नई तालीम’ची योजना आकारास आली. हस्तव्यवसायातून शिक्षण हे तिचे सूत्र होते. त्या योजनेच्या प्रत्येक अंगाशी कोणी सहमत असावे असे नाही. तथापि हाताला काम आणि मनाला अवकाश मिळाला की मूल घडते, ही जाण या वर्ध्याच्या मातीत नव्वद वर्षांपूर्वी होती, याची नोंद आपण घेतली पाहिजे.

विनोबांच्या बालपणाकडे पाहिले तर आजच्या विषयाचे मर्म अधिक स्पष्ट होते. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या छोट्या गावी त्यांची पहिली वर्षे गेली. तेथे मजूर मोठमोठे दगड फोडीत आणि लहानगा विन्या ते पाहत उभा राहत असे. शाळेची घाई नाही, कुठला वर्ग नाही, कोणी हाक मारीत नाही. बराच वेळ तो तसाच पाहत उभा राही. दगड आता फुटणार अशा बेतात आला की मजूर त्याच्या हाती हातोडा देत. तो सर्व शक्ती एकवटून घाव घाली, दगड दुभंगे, आणि मुलाने दगड फोडला म्हणून मजूर त्याचे कौतुक करीत. ही आठवण पुढे विनोबांनी स्वतःच सांगितली. तिच्यात दोन गोष्टी आहेत. मुलाला नुसते उभे राहून पाहावयास वेळ होता. आणि मोठ्या माणसांनी त्याला तेथून हुसकले नाही, त्याला शिकवावयासही बसले नाहीत. योग्य वेळी हातोडा तेवढा पुढे केला. बालसंगोपनाचे यापेक्षा मोठे शास्त्र सांगता येणे कठीण आहे.

टकळीप्रमाणेच जाते. १८८० मध्ये जळगाव जिल्ह्यातील आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांची कविता जन्मली ती दळताना, कांडताना, शेतात राबताना. हात जात्याच्या खुंट्याला आणि मन मोकळे. पुत्र सोपानदेव आणि आप्तांनी त्यातील काही रचना टिपून ठेवल्या म्हणून, त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तो ठेवा महाराष्ट्रासमोर आला. जात्याचे कष्ट पुन्हा घरात आणा, असे येथे कोणी सुचवीत नाही. त्या कष्टांतून स्त्रियांची सुटका झाली हे चांगलेच झाले. मुद्दा एवढाच की, ज्याला आपण ‘काहीच घडत नाही’ असा वेळ म्हणतो, त्या वेळात पुष्कळ काही घडत असते.

आधुनिक विज्ञान याविषयी काय सांगते? इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ सँडी मान आणि त्यांच्या सहकारी रिबेका कॅडमन यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही लोकांना पंधरा मिनिटे टेलिफोन डिरेक्टरीतील क्रमांक उतरवून काढावयास लावले. याहून रटाळ काम शोधूनही सापडणार नाही. त्यानंतर त्यांच्यासमोर थर्मोकोलचे दोन पेले ठेवून, यांचे काय काय करता येईल ते सुचवा, असे सांगितले. ज्यांना आधी हे रटाळ काम दिले नव्हते त्यांच्यापेक्षा कंटाळलेल्या लोकांना अधिक कल्पना सुचल्या. पुढच्या प्रयोगात क्रमांक उतरविण्याऐवजी नुसते वाचावयास दिले, तेव्हा परिणाम अधिक चांगला दिसला. लिहिताना लक्ष गुंतून राहते. नुसते वाचताना मन भरकटते आणि त्या भरकटण्यातूनच काही गवसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा प्रयोग प्रौढांवरचा आहे, मुलांवरचा नाही, आणि एका प्रयोगाने सिद्धान्त उभा राहत नाही. त्यामुळे त्याचा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. परंतु तो दिशा दाखवतो.

अमेरिकेतील मेंदूतज्ज्ञ मार्कस रेकल यांनी २००१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. माणूस कोणतेही ठरावीक काम करीत नसतो, तेव्हाही त्याचा मेंदू विश्रांती घेत नाही. मेंदूतील काही भागांचे एक जाळे तेव्हाच अधिक सक्रिय होते. जुन्या आठवणी चाळणे, पुढच्या गोष्टींची कल्पना करणे, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज घेणे, अशी कामे या जाळ्याशी निगडित आहेत. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला मेंदू शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा खर्च करतो, आणि एखादे विशिष्ट काम हाती घेतले तरी त्या खर्चात फारच थोडी भर पडते. खिडकीतून बाहेर पाहत बसलेल्या मुलाला ‘रिकामा बसू नकोस’ असे आपण सांगतो, तेव्हा ते मूल बहुधा रिकामे नसते.

मग कंटाळा इतका नकोसा का वाटतो? कारण तो सोसणे अवघड आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातील टिमोथी विल्सन यांच्या गटाने २०१४ मध्येच एक चमत्कारिक प्रयोग केला. लोकांना पंधरा मिनिटे एका खोलीत एकटे बसविले. सोबत पुस्तक नाही, फोन नाही; फक्त दाबल्यास विजेचा सौम्य झटका देणारे एक बटण. असा झटका टाळण्यासाठी पैसे मोजू, असे ज्यांनी आधी सांगितले होते, त्यांच्यापैकी अठरांतील बारा पुरुषांनी आणि चोवीसांतील सहा स्त्रियांनी त्या पंधरा मिनिटांत आपण होऊन बटण दाबले. स्वतःच्या विचारांच्या सोबतीपेक्षा त्यांना विजेचा झटका बरा वाटला. मोठ्यांची ही गत असेल, तर आठ वर्षांच्या मुलाने पाच मिनिटांत मोबाईल मागितला तर त्यात नवल काय? स्वतःच्या सोबतीत राहता येणे ही शिकावी लागणारी गोष्ट आहे आणि ती लहानपणीच शिकणे सोपे असते.

प्रख्यात व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचे उदाहरण बोलके आहे. म्हैसूरमधील मोठ्या कुटुंबातील हे सर्वांत धाकटे अपत्य. खोलीच्या खिडकीतून बाहेर पाहत बसावे आणि जे दिसेल ते चितारावे, हा त्यांचा बालपणीचा छंद. वाळलेल्या काटक्या, पाने, सरपटणारे लहानसहान जीव, लाकडे फोडणारा नोकर आणि कावळे! मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने त्यांना प्रवेश नाकारला. पुढे त्याच मुंबईत अर्धशतकाहून अधिक काळ त्यांची रेषा ‘सामान्य माणसा’ची वाणी झाली, आणि त्यांनी काढलेले कावळे तर रसिकांच्या आजही स्मरणात आहेत. ज्या डोळ्यांनी हे सारे टिपले, ते डोळे कोणत्या वर्गात तयार झाले नाहीत. आपल्या परंपरेतही बाल नारायणाची, म्हणजे पुढे समर्थ रामदास झालेल्या मुलाची कथा सांगितली जाते. घरभर शोधाशोध झाली आणि मूल सापडले ते अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत, एकटे विचार करीत बसलेले. ती कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना कौतुकाने सांगतो. आज आपलेच मूल तसे बसलेले दिसले, तर मात्र त्याला कोणत्या शिबिरात घालावे याची चौकशी सुरू होते.

प्रत्येक कंटाळलेले मूल लक्ष्मण किंवा बहिणाबाई होईल असे मुळीच नाही. सर्जनशीलता म्हणजे केवळ चित्र आणि कविता नव्हे. शेतातील पंप बिघडला तर तारेच्या तुकड्याने तो चालू करणारा शेतकरी सर्जनशील आहे. उरलेल्या पोळ्यांतून नवा पदार्थ करणारी गृहिणी सर्जनशील आहे. पूर आला असता, आदेशाची वाट न पाहता गावातील रिकामे पिंप एकत्र बांधून तराफा करणारा स्वयंसेवक सर्जनशील आहे. कोणी सांगितल्यावाचून आरंभ करता येणे, हे या सर्वांतील समान सूत्र आहे. ज्या मुलाचा प्रत्येक तास दुसऱ्याने आखून दिला, त्याला सांगितलेले काम उत्तम करता येईल; परंतु आरंभ करण्याची सवय त्याला कधी लागणार?

विदर्भातील उन्हाळा ज्यांनी लहानपणी अनुभवला, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. दुपारी बारानंतर बाहेर पडण्याची सोय नाही. दारे-खिडक्या लावलेल्या, मोठी माणसे वामकुक्षी घेत असलेली आणि मुलांना एकच ताकीद, ‘आवाज करू नका.’ त्या चार तासांत चिंचोके फोडून सारीपाट मांडले गेले, जुन्या लुगड्याचे पडदे लावून नाटके झाली, खोक्यांची आगगाडी झाली. संध्याकाळी ऊन उतरले की डाबडुबली, विटीदांडू आणि भोवरे. नियम मुलांचे, भांडणे मुलांची आणि निवाडेही मुलांचेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणारा तान्हा पोळा हा तर खास आपल्या विदर्भातील मुलांचा सण. त्याच्यासाठी आधीचे कित्येक दिवस लाकडी बैलाला रंग लावणे, शिंगांना बेगड चिकटविणे, झूल शिवणे, आणि लाकडी बैल नसेल तर मातीचा करणे चाले. आज तयार, चकचकीत नंदी बाजारातून येतो आणि मुलाच्या वाट्याला त्याची दोरी धरून छायाचित्रासाठी उभे राहणे तेवढे उरते. सण उरतो, त्यामागील उद्योग हरवतो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काय बदलले हे आपण सर्व जण जाणतो. घरे लहान झाली, अंगणे गेली, भावंडे कमी झाली, रस्त्यावर वाहने वाढली. आई-वडील दोघेही नोकरी करतात. मुलांचा दिवस शाळा, शिकवणी, संगीत, पोहणे आणि स्पर्धापरीक्षा यांत विभागला गेला, आणि जो काही वेळ उरला तो मोबाईलने गिळला. ‘असर’ या संस्थेच्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ या वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे आढळले. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरलेली मुले ५७ टक्के होती. समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. म्हणजे हा केवळ पुण्या-मुंबईचा प्रश्न राहिलेला नाही.

टकळी आणि मोबाईल यांची येथे तुलना करून पाहण्यासारखी आहे. टकळी हात गुंतवते आणि मन मोकळे ठेवते. मोबाईल हातांना काही करू देत नाही आणि मनालाही सोडत नाही. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते, ती योगायोगाने नव्हे. कंटाळ्याचा क्षण येऊच नये अशी रचना त्यामागे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, आणि वर्षाच्या आतील बाळाने तर मुळीच नाही. आपल्यापैकी किती घरांत बाळाला मोबाईल दाखविल्यावाचून घास भरवता येतो, हे ज्याने त्याने मनाशी पडताळून पाहावे.

यात आई-वडिलांना दोष देण्याचा हेतू नाही. मुलाचा प्रत्येक तास भरून काढण्यामागे प्रेम असते आणि भीतीही असते. शेजारचा मुलगा पुढे जाईल, आपला मागे राहील, ही ती भीती. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या हाती शिक्षणाखेरीज दुसरी शिडी नसते, त्यामुळे ही भीती अगदीच निराधारही म्हणता येत नाही. परंतु शिडी चढावयास पायांत बळ लागते, आणि ते बळ स्वतः चालल्याने येते. सतत कडेवर घेतल्याने येत नाही.

कार्यकर्त्यांनीही स्वतःकडे पाहावयास हवे. आपण मुलांची शिबिरे घेतो. पहाटे साडेपाचला उठण्यापासून रात्री दहाला दिवे मालवेपर्यंतचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते. प्रार्थना, व्यायाम, बौद्धिक, हस्तकला, खेळ, पुन्हा बौद्धिक. शिबिर जितके गच्च, तितके ते यशस्वी, असा आपला समज झालेला आहे. शिस्तीचे मोल कोणीही नाकारणार नाही. पाचशे मुले एकत्र आली तर वेळापत्रक हवेच. तथापि शिबिराहून परतलेल्या मुलाला ‘काय आवडले?’ असे विचारावे. पुष्कळदा ते दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेतील काही सांगते. विहिरीवर पाणी काढताना केलेली गंमत, झाडाखाली मित्राशी मारलेल्या गप्पा, कोणीतरी रचलेले विडंबनगीत. ती मधली वेळ आपण आखलेली नव्हती. ती सुटून राहिली होती.

येथे काही सावधगिरीच्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत, अन्यथा या विचाराचा विपर्यास होईल. प्रत्येक कंटाळा हितकारक नसतो. वर्गात शिकवलेले समजत नाही म्हणून येणारा कंटाळा वेगळा; तेथे मुलाला मदत हवी असते. आठवडेच्या आठवडे कशातच रस नाही, खेळ नको, मित्र नकोत, जेवण नको, असे दिसले तर तो कंटाळा नसून मन आजारी असल्याची खूण असू शकते. तेथे डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जवळ कोणीच मोठे माणूस नाही, घरात वाद आहेत, अशा मुलाचा रिकामा वेळ म्हणजे एकटेपणा. मोकळा वेळ फुलतो तो सुरक्षिततेत. घरात कोणीतरी आहे, हाक मारली तर ओ मिळेल, हा विश्वास मुलाला हवा.

आणखी एक गोष्ट. सर्व मुलांना रिकामा वेळ सारखा मिळत नाही. कित्येक घरांत सुटीच्या दिवशी मुलगा मैदानावर असतो आणि त्याच वयाची मुलगी भांडी घासत असते किंवा धाकट्याला सांभाळत असते. घरकाम दोघांनीही शिकावे. पण मोकळा वेळ हा जर मुलाचा हक्क असेल तर तो मुलीचाही आहे. आणि आई-वडिलांसोबत कापूस वेचावयास किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलांकडे तर कंटाळण्यापुरतीही सवड नसते. सेवावस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्या मुलांना केवळ अभ्यासिका देऊन थांबू नये. खेळावयास सुरक्षित जागा आणि तास-दोन तासांची निश्चिंतीही द्यावी.

मग नेमके करावयाचे काय? प्रथम, ‘कंटाळा आला’ हे वाक्य ऐकल्यावर धावून जाऊ नये. ‘‘हो का? बघ काय सुचते ते,’’ एवढे प्रेमाने म्हणून आपल्या कामाला लागावे. मूल आधी कुरकुर करील, घरात इकडून तिकडे फिरेल, दोनदा स्वयंपाकघरात येऊन जाईल. हा टप्पा पालकांच्या परीक्षेचा असतो. तो ओलांडला की हळूहळू एखादी वस्तू हाती घेतली जाते आणि मग जेवावयास हाक मारली तरी मूल उठत नाही. कोणते मूल किती वेळ घेईल याचे कोष्टक नाही. ज्याला मोबाईलची सवय जडली आहे, त्याला पहिले काही दिवस अधिक जड जातील.

दुसरे, हाताशी सामान असावे. खेळणी नव्हेत, सामान. दोरा, चिंध्या, खोकी, खडू, जुनी वर्तमानपत्रे, बिया, चिकणमाती. १९४५ नंतर ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचा जो प्रयोग केला, त्यात परदेशी महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, पाने, बिया यांचा उपयोग केला. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली. अरविंद गुप्ता हे आय.आय.टी.तून शिकलेले अभियंते. त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून भूमितीच्या आकृत्या करावयास मुलांना शिकविले, आणि पुढे पुण्याच्या ‘आयुका’तील मुलांच्या विज्ञानकेंद्रात टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी घडविली. त्यांची खेळणी मोडून आत काय आहे ते पाहता येते. दुकानातील महाग खेळण्याला हात लावताना मूल भिते, कारण मोडले तर रागावणे ठरलेले असते.

तिसरे, पसारा सोसावा. निर्मिती आणि नीटनेटकी बैठकीची खोली यांचे फारसे पटत नाही. संध्याकाळी आवरण्याचे काम मात्र मुलानेच करावे. शिस्त शिकविण्याची ती उत्तम संधी आहे. चौथे, मुलाने काही केले की लगेच त्याचे छायाचित्र काढून नातेवाइकांच्या गटावर पाठवू नये. ज्या खेळाला प्रेक्षक मिळतो, त्याची लवकरच स्पर्धा होते. काही गोष्टी अर्धवट राहतील, काही फसतील. त्या तशा राहू द्याव्यात. आणि पाचवे, जे सर्वांत अवघड आहे, ते म्हणजे मोठ्यांनीही कधीतरी मोबाईलशिवाय नुसते बसून दाखवावे. वर्ध्याहून नागपूरला रेल्वेने जाताना आपल्या डब्यातील किती मोठी माणसे खिडकीबाहेर पाहतात? मूल उपदेश ऐकत नाही, ते पाहते.

एकट्या घराला हे कठीण जाते, कारण शेजारच्या घरात टीव्ही चालू असतो. त्यासाठी समाजाने एकत्र येऊन काही करता येते काय? सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ते करून दाखविले. कोरोनाच्या काळात मुलांना लागलेली मोबाईलची सवय सुटेना, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठरविले की, संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि दीड तास सर्व घरांतील टीव्ही व मोबाईल बंद राहतील. तो वेळ अभ्यास, वाचन आणि संवाद यांसाठी होता, निव्वळ रिकामा नव्हता. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. सर्वांनी मिळून ठरविले तर पडदा बंद करता येतो, आणि ‘फक्त माझ्याच घरात बंद’ ही मुलाची तक्रार उरत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत असे सुचविले आहे. त्या दहा दिवसांत सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे मुलांनी जावे अशी कल्पना आहे. ते दहा दिवसही तासिकांत चिरून टाकले जाऊ नयेत, हे शाळा समित्यांवरील आपल्या मंडळींनी पाहिले पाहिजे.

आजच्या या सभेकडून दोनच गोष्टींची अपेक्षा आहे. ज्यांच्या घरी मुले आहेत, त्यांनी आठवड्यातून एक दुपार मोकळी ठेवावी. त्या दुपारी कुठला वर्ग नाही, टीव्ही नाही, मोबाईल नाही आणि ‘आता हे कर’ असे सांगणेही नाही. आणि ज्यांच्याकडे शिबिरांची जबाबदारी आहे, त्यांनी येत्या शिबिराच्या वेळापत्रकात रोज एक तास कोरा सोडावा. कार्यवाह वही घेऊन विचारावयास येतील की, या तासाला काय लिहायचे? त्यांना सांगावे, काही लिहू नका. मुले झाडाखाली आहेत, दोन मोठी माणसे जवळ बसलेली आहेत, एवढे पुरे आहे. पहिल्या दिवशी गोंधळ होईल, दुसऱ्या दिवशी तक्रारी येतील. तिसऱ्या दिवशी कोणती मुले कोठे, काय करीत बसली आहेत, हे मात्र लांबून अवश्य पाहून ठेवावे. पुढच्या बैठकीत त्याविषयी सविस्तर बोलता येईल.